२४.२५ ते २९.५ गीगाहर्ट्झ: मिलिमीटर-वेव्ह बेस स्टेशनसाठी वाइडबँड अँटेना कसा आखावा

बहुतेक जण या कामाला पॅचपासून, म्हणजे बोर्डवरच्या प्रसारण करणाऱ्या कॉपरच्या छोट्या चौकोनापासून, सुरुवात करतात. एकटा पॅच सिम्युलेटरमध्ये घेतात, बँडविड्थ मिळेपर्यंत त्याचे आकार बदलतात आणि मग ६४ प्रती शेजारीशेजारी मांडतात. मिलिमीटर-वेव्हमध्ये हा क्रम महागात पडतो. बेस स्टेशनच्या अँटेनाची बँडविड्थ एकट्या पॅचची नसते. ती पिच (शेजारच्या दोन पॅचच्या केंद्रांमधलं अंतर), बोर्डची जाडी आणि बीम किती वळवायचा आहे, या तिघांवर मिळून ठरते. म्हणून आधी पिच, मग बोर्डचे थर, मग फीड (पॅचला सिग्नल पोचवणारी जोडणी) आणि सर्वात शेवटी पॅच, असा क्रम या लेखात धरला आहे.

उदाहरण एकच घेऊ: ८ × ८ एलिमेंटचं (एलिमेंट म्हणजे पॅच आणि त्याचं फीड मिळून एक छोटा अँटेना), दोन्ही ध्रुवीकरणांचं (±४५ अंश) पॅनेल, जे एन२५८ (२४.२५ ते २७.५ गीगाहर्ट्झ), एन२५७ (२६.५ ते २९.५) आणि एन२६१ (२७.५ ते २८.३५) हे तिन्ही ५जी बँड एकाच बोर्डवर चालवेल. भारतात २०२२च्या लिलावात २६ गीगाहर्ट्झ म्हणून गेलेला पट्टा हाच एन२५८. फक्त भारतासाठी बनवायचं असेल तर सुमारे १२.६ टक्के बँडविड्थ पुरते आणि काम बरंच सोपं होतं. तिन्ही बँड हवे असतील तर ती १९.५ टक्के होते. यात दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा गीगाहर्ट्झ उत्पादनातल्या फरकासाठी सोडायचा असतो, म्हणजे सिम्युलेशनमध्ये लक्ष्य २३.७५ ते ३० गीगाहर्ट्झ, २३ टक्क्यांच्या वर. हा अर्धा गीगाहर्ट्झ कुठून येतो ते पुढे पाहू.

पायरी १: कागदावरचा हिशेब

सिम्युलेटर उघडण्याआधी ईआयआरपीचा, म्हणजे बीमच्या दिशेने जाणाऱ्या परिणामी पॉवरचा, हिशेब मांडा. प्रत्येक एलिमेंटला १२ डीबीएम पॉवर, एलिमेंटचा प्रत्यक्ष गेन (एका दिशेला पॉवर एकवटण्याची क्षमता) तोटे वजा जाता ३ डीबी आणि एलिमेंट ६४. एलिमेंटची संख्या दोनदा मोजली जाते, एकदा पॉवर वाढते म्हणून आणि एकदा बीम अरुंद होतो म्हणून. तेव्हा १२ + ३ + १८ + १८ = ५१ डीबीएम, तेही एका ध्रुवीकरणासाठी. २५६ एलिमेंट घेतले तर ६३. आपल्याला हवा तो आकडा यात बसत नसेल तर पॅच कितीही सुंदर केला तरी बसणार नाही. एलिमेंट वाढवा किंवा त्यांना पॉवर देणारी बीमफॉर्मर चिप बदला.

याच टप्प्यावर एक गोष्ट मान्य करून टाकावी: गेन बँडभर सपाट राहणार नाही. पिच ५ मिमी धरला तर एका एलिमेंटच्या वाट्याला २५ चौरस मिमी जागा येते. त्या जागेचा जास्तीत जास्त गेन २४.२५ गीगाहर्ट्झला ३.१ डीबी आणि २९.५ ला ४.८ डीबी. हा १.७ डीबीचा उतार भूमितीतून आलेला आहे, पॅच बदलून जात नाही. तो चिपच्या गेन सेटिंगमध्ये भरून काढायचा असतो. अनेक जण तो पॅचमध्ये शोधत आठवडे घालवतात.

पायरी २: पिच

ग्रेटिंग लोबचा (नको त्या दिशेला उठणाऱ्या दुसऱ्या मोठ्या बीमचा) नेहमीचा नियम आहे: पिच = तरंगलांबी ÷ (१ + वळणकोनाचा साइन). सर्वात वरच्या फ्रीक्वेन्सीला, २९.५ गीगाहर्ट्झला, तरंगलांबी १०.१६ मिमी. बीम ६० अंशांपर्यंत वळवायचा असेल तर पिच ५.४४ मिमीपर्यंत चालतो असं हा नियम सांगतो. त्यामुळे हात आपोआप ५.३ कडे जातो: चिपला जागा थोडी जास्त मिळते, गेनही थोडा वाढतो.

इथेच थांबून दुसरा हिशेब करा, कारण ग्रेटिंग लोबचा नियम हवेतल्या अँटेनासाठी आहे. आपला पॅच जाड डायइलेक्ट्रिकवर बसणार आहे आणि त्या थरातून पृष्ठतरंग वाहतो. तो हवेतल्या तरंगापेक्षा मंद असतो, म्हणून ग्रेटिंग लोब दिसायच्या आधीच अ‍ॅरे त्याच्याशी जुळतो. त्या कोनात पॉवर बाहेर न जाता बोर्डमध्येच शिरते. यालाच स्कॅन ब्लाइंडनेस म्हणतात.

आकडे घालून पाहू. डायइलेक्ट्रिकची एकूण जाडी १.०३ मिमी, परावैद्युतांक (बोर्डवाल्यांच्या भाषेत डीके) ३.६६. २९.५ गीगाहर्ट्झला अशा थरातल्या पहिल्या पृष्ठतरंगाचा मंदपणा सुमारे १.१७ येतो. ब्लाइंडनेसच्या कोनाचा साइन = तरंगलांबी ÷ पिच, वजा १.१७. पिच ५.३ असेल तर उत्तर ०.७५, म्हणजे सुमारे ४९ अंश. पिच ५.० असेल तर ०.८६, म्हणजे सुमारे ६० अंश. ग्रेटिंग लोबच्या नियमाने ६६ अंशांपर्यंत सुरक्षित वाटणारा ५.३ मिमीचा पिच बँडच्या वरच्या टोकाला ४९ अंशांवरच आंधळा होतो. २४.२५ ला मात्र काहीच दिसत नाही, म्हणून फक्त मधल्या फ्रीक्वेन्सीला स्कॅन तपासणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही.

पॅचचं कॉपर असल्यामुळे हे कोन थोडे सरकतात, पण दिशा हीच राहते. म्हणून पिच ५.० मिमी ठरवा आणि प्रत्येक एलिमेंटभोवती ग्राउंडला जोडलेल्या व्हायांची (थर जोडणाऱ्या, कॉपर चढवलेल्या भोकांची) भिंत उभी करा. ही भिंत पृष्ठतरंगाचा रस्ता तोडते. व्हायांमधलं अंतर बोर्डमधल्या तरंगलांबीच्या दहाव्या भागाइतकं, म्हणजे ०.५ मिमी ठेवा, ड्रिल ०.२ मिमी. ८ × ८ पॅनेलला अशी १,३७७ भोकं पडतात. बोर्ड बनवणारा त्याचे पैसे लावतो, आणि ते द्यावेत. पैसे वाचवायला अंतर १ मिमी केलं की भिंत वरच्या टोकाला गळायला लागते.

उभ्या दिशेला १५ अंशच वळवायचं असेल तर त्या दिशेचा पिच ७ मिमीपर्यंत नेता येतो किंवा दोन एलिमेंट एका चॅनलवर जोडता येतात. मात्र जोडणीची ट्रेस जो तोटा आणते तो हिशेबात धरा.

पायरी ३: बोर्डचे थर

एफआर-४ चा विचारच नको. त्याचा लॉस टँजंट (मटेरियलमध्ये किती सिग्नल मुरतो याचं माप) ०.०२च्या आसपास असतो. रॉजर्स आरओ४३५०बीचा ०.००३७ आहे आणि तो नेहमीच्या बोर्ड प्रक्रियेत चालतो. आरओ३००३चा ०.००१ आहे, पण ते मटेरियल मऊ असतं, अनेक थरांच्या लॅमिनेशनमध्ये त्याची जुळवणी सांभाळणं कठीण जातं. चार-पाच वेळा लॅमिनेशन होणाऱ्या बोर्डसाठी आरओ४३५०बी हा समजूतदार पर्याय आहे.

त्याच्या डेटाशीटवर दोन डीके दिलेले असतात: ३.४८ आणि ३.६६. पहिला मटेरियलच्या दर्जातपासणीचा आकडा, दुसरा डिझाइनसाठीचा. सिम्युलेशनमध्ये ३.६६ घाला. ३.४८ घातला तर बनून आलेला अँटेना सव्वादोन ते अडीच टक्के खाली, म्हणजे सहाशेच्या वर मेगाहर्ट्झ खाली बसतो आणि दोष बोर्ड बनवणाऱ्याला दिला जातो.

अँटेनाच्या बाजूचे थर वरून खाली असे (कोअर म्हणजे तयार पत्रा, प्रीप्रेग म्हणजे दाबून चिकटवायचा थर):

थर १: वरचा पॅच
कोअर, आरओ४३५०बी, ०.४२२ मिमी
थर २: खालचा पॅच
प्रीप्रेग, आरओ४४५०एफ, ०.१ मिमी
थर ३: फीडचा गोल पॅड
कोअर, आरओ४३५०बी, ०.५०८ मिमी
थर ४: अँटेनाचं ग्राउंड

त्याखाली ट्रेस, वीजपुरवठा, कंट्रोल आणि सर्वात खाली बीमफॉर्मर चिप. अँटेनाच्या भागात कॉपर कमी आणि चिपच्या भागात भरपूर, असं झालं की बोर्ड वाकतो. चिपचे सोल्डर बॉल मग कडेला सुटतात. पॅचच्या थरांवर, व्हायाच्या भिंतीच्या वर, ग्राउंडच्या पट्ट्या ठेवल्याने कॉपरचा समतोल बराच सुधारतो.

२७ गीगाहर्ट्झला कॉपरमधली स्किन डेप्थ (पृष्ठभागाच्या ज्या पातळ थरातून प्रवाह वाहतो त्याची खोली) फक्त ०.४ मायक्रॉन असते. साध्या फॉइलचा खडबडीतपणा त्याच्या कित्येक पट असतो, आणि प्रवाहाला तो सगळा चढउतार पार करावा लागतो. ऑर्डरमध्ये 'लो प्रोफाइल फॉइल' असं लिहूनच द्या. वरच्या फिनिशसाठी निकेल-सोनं टाळा. निकेलमध्ये तोटा होतो. इमर्शन सिल्व्हर घ्या. पॅचवर सोल्डर मास्क नको.

पायरी ४: फीड

एका पॅचला थेट व्हाया जोडून जाड बोर्डवर वाइडबँड मिळत नाही, याचं कारण व्हायाचा इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला तो करत असलेला अडथळा. ०.५ मिमी उंच आणि ०.२ मिमी जाड व्हायाचा रिअ‍ॅक्टन्स २७ गीगाहर्ट्झला सुमारे ४० ओम भरतो. ५० ओमच्या लाइनमध्ये ४० ओम रिअ‍ॅक्टन्स असताना मॅचिंग होणार कसं?

उपाय साधा आहे: व्हाया पॅचला जोडायचाच नाही. तो थर ३ वरच्या एका गोल पॅडवर संपवायचा आणि पॅड व पॅच यांच्यामध्ये ०.१ मिमी प्रीप्रेग ठेवायचं. त्यातून जो कॅपॅसिटर बनतो तो इंडक्टन्स खाऊन टाकतो. ४० ओम रद्द करायला ०.१४७ पिकोफॅरड लागतात. डीके ३.५२ आणि जाडी ०.१ मिमी असताना दर चौरस मिमीला ०.३१ पिकोफॅरड मिळतात, म्हणजे ०.४७ चौरस मिमी, म्हणजे ०.७८ मिमी व्यास. कडेची गळती धरून सुरुवात ०.७ मिमीपासून करा.

या एका पॅडवर पूर्ण बँड उभा असतो, म्हणून प्रीप्रेगची जाडी हा सर्वात नाजूक आकडा. दाबताना रेझिन वाहून कॉपरच्या मोकळ्या जागांत जातं आणि थर पातळ होतो. १० मायक्रॉन पातळ झाला की कॅपॅसिटन्स १० टक्क्यांहून जास्त वाढतो. बोर्ड बनवणाऱ्याकडून दाबल्यानंतरची जाडी लेखी मागा आणि सिम्युलेशनमध्ये तीच घाला, डेटाशीटवरची नको.

व्हाया रेझिनने भरून वरून कॉपरने बंद केलेला हवा, नाहीतर पॅडच्या मध्यात खड्डा राहतो. थर ४ च्या खाली हा सिग्नल उतरताना त्याच्याभोवती ग्राउंड व्हायांचं कडं लागतं: ०.२ मिमीच्या व्हायाला ५० ओमच्या समाक्ष रचनेचा बाहेरचा व्यास ०.९८ मिमी येतो. खाली लोंबणारा व्हायाचा उरलेला तुकडा राहू देऊ नका. १.४ मिमीचा तुकडा २७ गीगाहर्ट्झला पाव तरंगलांबीचा होतो आणि सिग्नल जवळजवळ शॉर्ट करतो. अर्ध्या मिमीचा तुकडासुद्धा मॅचिंग बिघडवतो. चिपच्या बॉलपासून फीडपर्यंतची ट्रेस ५ मिमीच्या आत बसवा. दर मिमीला ०.०५ ते ०.१ डीबी जातात, आणि रिसीव्ह करताना तेवढाच नॉइज फिगर वाढतो.

पायरी ५: पॅच

आता पॅच. खालचा चौकोन २.८५ मिमी, वरचा २.४ मिमी, फीड पॅडचं केंद्र पॅचच्या केंद्रापासून ०.९५ मिमी, दुसऱ्या ध्रुवीकरणासाठी तसाच दुसरा पॅड ९० अंशांवर. ±४५ साठी पूर्ण एलिमेंट ४५ अंशांत फिरवा. हे सुरुवातीचे आकडे आहेत. भिंतीच्या आत आणि शेजाऱ्यांसह ते १० ते १५ टक्के बदलतील.

सिम्युलेशन पहिल्या दिवसापासून पिरियॉडिक सीमा लावून, म्हणजे एलिमेंट अनंत अ‍ॅरेमध्ये आहे असं धरून करा. मोकळ्या हवेतला एकटा पॅच पाहण्यात वेळ घालवू नका. स्मिथ चार्टवर (मॅचिंग दाखवणाऱ्या गोल आलेखावर) दोन पॅचच्या जोडणीमुळे एक छोटा फास दिसतो. तो फास मध्याभोवती बसवणं हेच खरं ट्यूनिंग. फास मोठा असेल तर पॅचमधली जोडणी जास्त आहे, वरचा थर जाड करा किंवा वरचा पॅच लहान करा. फास वर किंवा खाली सरकलेला असेल तर गोल पॅडचा व्यास बदला. डावी-उजवीकडे सरकलेला असेल तर फीडची जागा बदला. तिन्ही एकदम ऑप्टिमायझरला देऊ नका. एकेक हलवलं की कोण काय करतं ते हाताला कळतं.

लक्ष्य: सरळ बीमपासून ४५ अंशांपर्यंत अ‍ॅक्टिव्ह रिफ्लेक्शन (सगळे एलिमेंट चालू असताना परत येणारी पॉवर) −१० डीबीच्या खाली, ६० अंशांना −७ पर्यंत चालेल. दोन्ही ध्रुवीकरणांच्या पोर्टमध्ये २० डीबी आयसोलेशन. प्रत्येक १० अंशांना आणि तिरक्या प्रतलातही तपासा.

एकाच बाजूने फीड दिल्यामुळे क्रॉस-पोल (नको त्या ध्रुवीकरणातलं प्रसारण) वाढतं. त्यावर उतारा असा: २ × २ च्या गटात समोरासमोरच्या एलिमेंटचे फीड आरशातल्यासारखे उलटे ठेवा आणि त्यांना चिपच्या फेज शिफ्टरमधून १८० अंश द्या. मुख्य बीमपुरतं एकमेकांचं क्रॉस-पोल कटतं. ते नाहीसं होत नाही, इतर दिशांना ढकललं जातं. म्हणून या रचनेचं सिम्युलेशन १० मिमीच्या २ × २ तुकड्यावर पुन्हा करावं लागतं.

पायरी ६: पूर्ण पॅनेल, रेडोम आणि उष्णता

कडेच्या एलिमेंटना शेजारी नसतात, त्यामुळे त्यांचं वागणं वेगळं असतं. भोवती डमी पॅचची एक ओळ लावून १० × १० करा आणि त्या ३६ डमींना ५० ओमने टर्मिनेट करा.

१२८ चॅनल, आठ चॅनलच्या १६ चिप. प्रत्येक चॅनल ०.२ वॉट खात असेल तर ४ × ४ सेमीत २५.६ वॉट, म्हणजे दर चौरस सेमीला १.६ वॉट. हीटसिंक चिपच्या पाठीवर थेट बसला पाहिजे. बोर्डमधून पुढे उष्णता काढण्याच्या भरवशावर राहू नका. पुढे रेडोम, म्हणजे अँटेनावरचं प्लॅस्टिकचं झाकण, आहे.

रेडोमसाठी डीके २.८च्या प्लॅस्टिकची अर्ध-तरंग जाडी ३.३ मिमी येते. नेहमीची २ मिमीची पेटी वापरली तर ती पाव आणि अर्ध्याच्या मध्ये पडते आणि परावर्तन वाढतं. ६० अंशांना रेडोम पुन्हा सिम्युलेट करा, कारण तिरक्या तरंगाला जाडी वेगळी भासते. आपल्याकडच्या पावसाचा एक मुद्दा महत्त्वाचा. ताशी ५० मिमी पावसात २५ गीगाहर्ट्झला हवेतला तोटा किलोमीटरला सुमारे ८ डीबी, म्हणजे २०० मीटरच्या सेलला दीड डीबीच्या आसपास. तो पेलवतो. रेडोमवर चिकटून राहणारी पाण्याची पातळ पापुद्री मात्र काही डीबी नेऊ शकते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर लावायच्या पॅनेलला पाणी न धरणारा लेप द्या आणि तोंड किंचित खाली झुकलेलं ठेवा.

पायरी ७: उत्पादनातला फरक

आता तो अर्धा गीगाहर्ट्झ. एचिंगमध्ये २५ मायक्रॉनचा फरक नेहमीचा, २.८५ मिमीच्या पॅचवर तो ०.९ टक्के, म्हणजे २३० मेगाहर्ट्झ. डीकेमधला ±०.०५चा फरक आणखी १८० मेगाहर्ट्झ. उरलेलं प्रीप्रेग आणि थरांची जुळवणी खाते.

पहिल्या पॅनेलवरच चाचणीचे तुकडे काढा: ५ × ५ चा छोटा अ‍ॅरे ज्यात मधला एलिमेंट २.९२ मिमी कनेक्टरवर आणि बाकीचे ५० ओमवर. सारख्याच रुंदीच्या पण दोन वेगळ्या लांबीच्या ट्रेस, ज्यांच्या फरकावरून खरा डीके आणि तोटा निघतो. टीआरएल कॅलिब्रेशनचे तुकडे, म्हणजे मोजमापातून कनेक्टरचा परिणाम वजा करण्याचे. एक तुकडा कापून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली जाडी मोजा. हे न करता मोजमापाला बसलं तर फरक दिसतो, कारण सापडत नाही.

आलेल्या आलेखावरून निदान असं करावं. पूर्ण बँड आकार न बदलता खाली सरकला असेल तर डीके किंवा पॅच मोठा एच झाला. आकारच बिघडला, एक रेझोनन्स उथळ झाला, तर प्रीप्रेगची जाडी. आयसोलेशन फक्त एका ध्रुवीकरणाच्या बाजूने घसरलं तर थर २ आणि थर ३ एकमेकांवर नीट बसलेले नाहीत. सरळ बीम उत्तम पण वरच्या टोकाला ५०-६० अंशांत गेन कोसळतो, तर भिंतीचे व्हाया कुठेतरी ग्राउंडला लागलेले नाहीत.

पायरी ८: मोजमाप आणि कॅलिब्रेशन

४ × ४ सेमी पॅनेलचा कर्ण ५.६६ सेमी, म्हणून २९.५ गीगाहर्ट्झला फार-फील्ड (जिथून बीमचा खरा आकार मोजता येतो ते अंतर) ६३ सेमीपासून सुरू होतं. छोट्या चेंबरमध्ये काम होतं. १६ × १६ केलं की तेच अंतर अडीच मीटर होतं. तिथे कॉम्पॅक्ट रेंज (परावर्तक वापरून कमी जागेत मोजणारं चेंबर) घ्यावी. ३जीपीपीच्या, म्हणजे मोबाइल नेटवर्कच्या, मानकांत अशा स्टेशनच्या (टाइप २-ओ) सगळ्या चाचण्या हवेतूनच होतात, कनेक्टरवर मोजण्याची सोय नसते. तेव्हा चेंबर आधीच बुक करा.

कॅलिब्रेशनमध्ये एकेक एलिमेंट चालू ठेवून त्याची अ‍ॅम्प्लिट्यूड आणि फेज नोंदवा. फेजचं टेबल एकाच फ्रीक्वेन्सीला करून भागत नाही. मधल्या २६.८७५ गीगाहर्ट्झला ६० अंश देणारं टेबल २४.२५ ला बीम ७४ अंशांवर नेतं आणि २९.५ ला ५२ वर. ४०० मेगाहर्ट्झच्या एका चॅनलच्या आत मात्र सरकणं पाऊण अंशाचं, जे २८ अंश रुंद बीममध्ये जाणवत नाही. दर ५०० मेगाहर्ट्झला एक टेबल पुरतं.

शेवटची तपासणी अँटेनाच्या कक्षेबाहेरची वाटेल, पण वाइडबँड केल्यामुळेच ती आपल्याकडे येते. २३.६ ते २४ गीगाहर्ट्झ हा पट्टा उपग्रहांवरच्या हवामान संवेदकांचा आहे. वातावरणातली बाष्पाची मोजणी तिथून होते. २०१९च्या जागतिक रेडिओ परिषदेने बेस स्टेशनसाठी तिथे दर २०० मेगाहर्ट्झला −३३ डीबीडब्ल्यूची मर्यादा घातली आणि १ सप्टेंबर २०२७ नंतर सेवेत येणाऱ्यांसाठी −३९. आपण समास म्हणून २३.७५ पर्यंत उघडा ठेवलेला अँटेना त्या पट्ट्यात तेवढ्याच उत्साहाने प्रसारण करतो. त्यामुळे ही मर्यादा पॉवर अँप्लिफायरची लिनिअरिटी आणि त्यामागचा फिल्टर यांनीच पाळावी लागते. थर ठरवतानाच चिपच्या मागच्या बाजूला फिल्टरसाठी जागा राखून ठेवा. बोर्ड बनल्यावर ती कुठेच मिळत नाही.